ओढ की ॲव्हरेज? शिवडीच्या इंजिनांचा थोडा इतिहास

शिवडीचा इतिहास सांगा म्हटले की लोक दोन गोष्टी सांगतात. एक किल्ला, इंग्रजांनी १६८० साली बांधलेला. दुसरी कापूस, ज्याच्यामुळे शेजारच्या स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव पडले. हल्ली त्यात तिसरी भर पडली आहे ती अटल सेतूची. १२ जानेवारी २०२४ रोजी तो सुरू झाला आणि शिवडीचे नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आले.

मी शिवडीत तीसेक वर्षे इतिहास शिकवला. पण मुलांच्या पुस्तकात जी गोष्ट कधीच आली नाही, ती मला या तिन्हींपेक्षा जास्त आपली वाटते. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने भारतातला आपला जुळणी कारखाना काढला तो इथे, शिवडीत. सुटे भाग बोटीने बंदरात यायचे, इथे जोडले जायचे आणि शेव्हरोलेच्या मोटारी, ट्रक, बसचे सांगाडे बाहेर पडायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की नुसती जुळणी करणाऱ्यांना आता जागा नको, जो इथे गाडी घडवील त्यालाच परवाना द्यावा. जनरल मोटर्सने १९५४ साली काम बंद केले. फोर्डनेही तेच केले.

कारखाना गेला, गाड्या राहिल्या. एक ट्रक तीस-तीस वर्षे चालवायचा ही आपली रीत. पाच-सात वर्षांनी इंजिन खोलायचे, झिजलेले बदलायचे, पुन्हा बांधायचे आणि पुन्हा रस्त्यावर सोडायचे. शिवडी, वडाळा, रे रोड, दारूखाना या पट्ट्यात गोदी, तेलाच्या टाक्या, वखारी आणि भंगाराचे बाजार एकमेकांना लागून असल्यामुळे हे काम करणारी गॅरेजेस गल्लोगल्ली उभी राहिली. त्या प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक इंजिन खोलल्यावर, एकच प्रश्न विचारला जायचा. ओढ पाहिजे की ॲव्हरेज?

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओढ म्हणजे भरलेली गाडी चढावर खेचण्याची ताकद. ॲव्हरेज म्हणजे एका लिटरात किती किलोमीटर. मालकाला ॲव्हरेज हवे असते, कारण तेलाचा खर्च त्याचा. ड्रायव्हरला ओढ हवी असते, कारण घाट त्याला चढायचा असतो. या दोघांच्या मध्ये मिस्त्री उभा असतो, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. लहानसा प्रश्न वाटतो, पण मी जसजसे त्याच्या मागे गेलो तसतसे माझ्या लक्षात आले, की गेल्या शंभर वर्षांत देशात जे जे घडले ते सगळे या प्रश्नातून गेलेले आहे.

सुरुवात पेट्रोलपासून करू. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे इंजिन १९२९ सालचे. सुमारे ३.२ लिटरचे, ४६ अश्वशक्तीचे. १९३७ साली ते सुधारून ३.५ लिटरचे आणि ८५ अश्वशक्तीचे झाले. आज एखाद्या छोट्या मोटारीला एवढी ताकद असते, पण त्या काळी यावर दीड टनी ट्रक चालत. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखी बदलायची बेअरिंगे नव्हती. व्हाइट मेटल वितळवून ओतायचे आणि मग हाताने खरवडून क्रँकवर बसवायचे. झीज झाली की पातळ पत्र्याची शिम काढून ढिलाई कमी करायची. इंजिन बांधणे हे तेव्हा निम्मे ओतकाम आणि निम्मे सोनारकाम होते.

पेट्रोल इंजिनात ओढ आणि ॲव्हरेजचा तोल कार्ब्युरेटरमध्ये असतो. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण साडेबारा-तेरा भाग हवा दिली की जास्तीत जास्त ताकद मिळते. पंधरा-सोळा भाग हवा दिली की जास्तीत जास्त काटकसर होते. म्हणजे इथे खरोखरच एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते, आणि ते जेटच्या भोकावर ठरते. मोठा जेट घाला, गाडी ओढेल आणि पेट्रोल पिईल. लहान घाला, पेट्रोल वाचेल आणि गाडी चढावर खोकत बसेल. मिश्रण जास्तच पातळ केले तर व्हॉल्व्ह जळायची भीती.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा तर हा तोल पार एका बाजूला झुकला. गाड्यांना मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर इंजिने चालवली गेली. कोकणात सर्व्हिस मोटारीने गेलेल्या आमच्या आधीच्या पिढीच्या आठवणींत ही भट्टीची मोटार हमखास असते. कोळशाच्या वायूवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने कमी व्हायची. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचे, हा अलिखित नियम. ओढ गेली तरी चालेल, पण गाडी चालली पाहिजे, असा तो काळ होता.

मग डिझेल आले. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवले, त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामाला लावली होती. त्या वेळची चांगली वाफेची इंजिने याच्या जवळपासही नव्हती. आपल्या रस्त्यांवर मात्र डिझेल खऱ्या अर्थाने आले ते स्वातंत्र्यानंतर. लढाईतले डिस्पोजलचे ट्रक पेट्रोलवरचे होते. त्यांचे मूळ इंजिन काढून पर्किन्सचे पी-सिक्स हे डिझेल इंजिन बसवायची लाट १९५० च्या दशकात आली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ही इंजिने भारतातच बनवायला घेतली. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघू लागले. शिवडीतला शेव्हरोलेचा कारखाना ज्या वर्षी बंद झाला, तेच हे वर्ष.

डिझेलने मिस्त्रीचा प्रश्न बदलला. कार्ब्युरेटर गेला, जेट गेला. त्यांच्या जागी आला इंजेक्शन पंप. पेट्रोल इंजिनात हवेचे प्रमाण आवळले जाते, तसे इथे होत नाही. हवा येईल तेवढी येऊ द्यायची आणि तेल किती सोडायचे ते पंपाने ठरवायचे. पंपावर जास्तीत जास्त तेलाची मर्यादा घालणारा एक स्क्रू असतो. कारखान्यातून तो सील करून येतो. ते सील तोडून स्क्रू फिरवला की ‘पंप वाढवला’ असे म्हणतात. मुंबईच्या ट्रकधंद्यातला निम्मा इतिहास त्या सीलमध्ये आहे असे मला वाटते.

हे सगळे मला शिकवले ते आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी. ते आधी गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दोन लाखांहून जास्त कामगार घरी बसले, आणि यांच्यासारख्या हातात कसब असलेल्यांनी गॅरेजांची वाट धरली. लुमवरून इंजिनावर आले आणि तिथेही लवकरच मिस्त्री म्हणून नाव झाले. पालक म्हणून ओळख झाली आणि पुढे मी शाळा सुटल्यावर त्यांच्या गॅरेजात जाऊन बसू लागलो. मी विचारायचो, ते काम करता करता उत्तर द्यायचे.

एकदा मी सरळच विचारले, ‘‘मिस्त्री, तुम्ही कुणाचं ऐकता? शेठचं की ड्रायव्हरचं?’’

ते म्हणाले, ‘‘गुरुजी, दोघांचंही नंतर. आधी इंजिनचं.’’

याचा अर्थ त्यांनी पुढे कितीतरी दिवस समजावून दिला. थकलेल्या इंजिनात ओढही नसते आणि ॲव्हरेजही नसते. सिलिंडरचा बोअर झिजलेला, रिंगा सैल, दाब खाली क्रँक-केसमध्ये पळतो. व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. नोझल तेलाची बारीक फवारणी करायच्या ऐवजी थेंब टाकतो. एअर क्लीनर धुळीने बुजलेला. अशा गाडीचा मालक येऊन म्हणतो, ‘ओढत नाही, जरा पंप वाढवा.’ बहुतेक ठिकाणी वाढवून देतात. पैसा कमी, काम अर्ध्या तासाचे. गाडी दोन महिने बरी चालते, काळा धूर ओकते आणि मग पिस्टन जळून परत येते.

मिस्त्रींचा क्रम ठरलेला होता. आधी बोअर मापायचा, गरज असेल तर नवे लायनर घालायचे, पिस्टन-रिंगा बदलायच्या. हेड फेस करायचे, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. नोझल आणि पंप पंपवाल्याकडे पाठवून सहाही सिलिंडरला सारखे तेल जाते का ते मशिनवर बघून घ्यायचे. पंपाचे टायमिंग पुस्तकाप्रमाणे बांधायचे. तेल लवकर सोडले तर ॲव्हरेज थोडे सुधारते, पण इंजिन ठोकते आणि हेड गॅस्केट जाते. उशिरा सोडले तर आवाज मऊ होतो, पण धूर आणि उष्णता वाढते. एवढे सगळे केले की इंजिनाची गेलेली ओढ आणि गेलेले ॲव्हरेज दोन्ही एकदमच परत येतात. इथवर या दोघांत भांडण नाहीच. भांडण सुरू होते ते यानंतर, आणि ते फार थोड्या जागेत असते.

ती जागा किती, हेही मोजता येते. डिझेलचा एक भाग पूर्ण जळायला हिशेबाने साडेचौदा भाग हवा लागते. पण सिलिंडरमध्ये तेल आणि हवा क्षणभरात पूर्णपणे मिसळत नाहीत, म्हणून व्यवहारात अठरा-वीस भाग हवा असेल तरच धूर आटोक्यात राहतो. त्याच्या खाली गेलात की जास्तीचे तेल ताकद न होता काजळी होऊन बाहेर पडते. मिस्त्री म्हणायचे, ‘‘काळा धूर म्हणजे शेठचाच पैसा, वर चाललेला.’’ म्हणजे सीलच्या पुढे स्क्रू फिरवून थोडी ओढ मिळते खरी, पण ती दामदुपटीने. आणि काही फेऱ्यांनंतर मिळते ते फक्त तापलेले इंजिन.

मग ड्रायव्हरचे म्हणणे खोटे का? तसे नाही. मुंबईहून देशावर जायचे तर बोरघाट किंवा कसारा घाट चढल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी एकदा हिशेब मांडायला बसवले. तो हिशेब आजही माझ्या वहीत आहे. १२१० नंबरचा टाटा घ्या. त्या नावातच त्याची कुंडली आहे: एकूण वजन सुमारे १२ टन, ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. प्रत्यक्षात माल भरून तो १६ टन झालेला असायचा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण ५०० मीटर उंची चढायची. १६ टन वजन ५०० मीटर उचलायला, इंजिन इंधनातली ३० टक्के उष्णता कामाला लावते असे धरले तर, नुसत्या उचलण्यासाठीच सात लिटरच्या आसपास डिझेल लागते. टायरचे घर्षण आणि बाकीचे त्याच्यावर.

गंमत पाहा. या सात लिटरमध्ये अश्वशक्ती कुठे येतच नाही. इंजिन १०० चे असो की ८० चे, उचलायचे वजन आणि उंची तीच, तेल तेवढेच. फरक पडतो तो वेळेत. शंभरात पाच असा सरसकट चढ धरला आणि ताकदीतली ८० टक्के चाकांपर्यंत पोचते असे मानले, तर १०० अश्वशक्तीचा ट्रक ताशी २३ किलोमीटरने चढतो आणि ८० चा ताशी १८ ने. दहा किलोमीटरच्या घाटात फरक सहा-सात मिनिटांचा! एवढ्यासाठी लोक सील तोडत होते.

पण ड्रायव्हरसाठी ती नुसती सहा मिनिटे नव्हती. जुन्या घाटात पुढची गाडी वळणावर थांबली की आपणही थांबायचे, आणि भरलेला ट्रक चढावर पुन्हा उचलायचा. तो उचलला नाही तर मागे घसरण्याची भीती. मदतनीस लाकडी उटी घेऊन चाकामागे धावतोय, हे दृश्य जुन्या घाटातून गेलेल्या कुणीही पाहिले असेल. तिथे ओढ ही चैनीची गोष्ट नव्हती. म्हणून मिस्त्री ड्रायव्हरला एक गोष्ट आवर्जून सांगायचे, की ताकद वेगळी आणि ओढ वेगळी. ताकद इंजिन गरगरा फिरवल्यावर मिळते, ओढ मधल्या फेऱ्यांवर सगळ्यात जास्त असते. आणि तेलही साधारण त्याच फेऱ्यांवर कमीत कमी लागते. गिअर वेळेवर पाडा, इंजिन रडवू नका आणि किंचाळवूही नका. एवढे केले तर दोन्ही मिळते. ते ऐकणारे ड्रायव्हरही होते. ज्यांना फेरीमागे ठरलेले डिझेल मिळायचे आणि वाचलेले स्वतःचे असायचे, ते तर कान देऊन ऐकायचे.

खरी अडचण होती ती त्या चार जादा टनांची. इंजिन बांधताना ज्या वजनाचा विचार केला, त्याच्या दीडपट माल गाडीत भरायचा आणि मग मिस्त्रीला सांगायचे की ओढत नाही. भाडे टनावर, तेव्हा माल जितका जास्त तितके भाडे जास्त. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये जादा माल भरण्याविरुद्ध कडक आदेश दिले. २०१८ साली सरकारने दोन आसांच्या ट्रकची कायदेशीर मर्यादाच १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. म्हणजे गॅरेजात जो प्रश्न इंजिनाचा म्हणून येत होता, तो मुळात भाड्याचा होता.

बाहेरच्या जगाचा हात इथेही होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आखडले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत पिंपाला तीन डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलरवर गेली. १९७८ साली सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था काढली, आणि तेल वाचवा म्हणून फलक लागले. इंजिनांच्या रचनेतही काटकसर शिरली होती. पहिल्या टाटा-मर्सिडीजमध्ये तेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटायचे. पुढची इंजिने थेट पिस्टनच्या माथ्यावर तेल फवारणारी आली. कप्प्याच्या भिंतींना जाणारी उष्णता वाचली आणि त्याच तेलात जास्त अंतर कापता येऊ लागले. मिस्त्रीने सगळी हुशारी लावून जे थोडेफार वाचवले असते, त्याहून जास्त या एका बदलाने वाचवले. हे ते स्वतःच सांगायचे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

आता तिसऱ्या माणसाबद्दल. मालक आणि ड्रायव्हर यांच्या भांडणात एक तिसरा पक्ष होता, त्याला कुणी विचारत नव्हते. आमच्या वर्गाच्या खिडक्या रस्त्याकडे होत्या. गोदीकडे जाणारे ट्रक चौकात थांबायचे आणि सुटताना काळा लोट सोडायचे. दुपारपर्यंत बाकांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी काजळी बसायची. मुले लिहायचीही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिझेलच्या धुराला ६५ हार्ट्रिज युनिटची मर्यादा होती. शून्य म्हणजे स्वच्छ हवा आणि शंभर म्हणजे पलीकडचे काही न दिसणे. पण ती मर्यादा कागदावर आणि लोट वर्गात, असे बरीच वर्षे चालले. १९९९ साली ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातून व्ही. एम. लाल समिती नेमली गेली, आणि मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर जाण्यामागे त्या खटल्याचा मोठा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे स्पष्टच जाहीर केले.

हे वाचले तेव्हा मला मिस्त्रींची आठवण झाली. सील तोडायला ते नाही म्हणायचे. त्यामुळे काही गिऱ्हाइके समोरच्या गॅरेजात गेली. ‘तुमच्या हातची गाडी ओढत नाही’ असे तोंडावर ऐकून घ्यावे लागे. त्यांनी हे हवेसाठी केले असे मी म्हणणार नाही. त्यांचे कारण इंजिन खराब होते एवढेच होते. पण चांगले काम करणारा माणूस नकळत शेजाऱ्यांच्या पोरांच्या छातीचेही राखतो, हे मला त्यांच्याकडे पाहून समजले. स्वतःच्या छातीचे मात्र त्यांना राखता आले नाही. आयुष्यभर बंद शेडमध्ये चालू इंजिनांच्या मागे उभे राहिल्यावर ते कसे राहणार? शेवटची काही वर्षे त्यांना दोन जिने चढवत नव्हते.

त्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९३ साली टाटा आणि कमिन्स एकत्र आले आणि आपल्या ट्रकांत टर्बोचार्जर हळूहळू नेहमीचा झाला. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, ही ती युक्ती. हवा जास्त, म्हणून तेल जास्त जाळता येते आणि तरी धूर कमी. ओढ आणि ॲव्हरेजमधल्या भांडणाचे कारण हवेची टंचाई हे होते, तीच दूर झाली. जुन्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढवण्याचेही प्रयोग झाले, पण पिस्टन थंड ठेवण्याची सोय आणि मजबूत गॅस्केट नसेल तर ते अंगाशी येतात. मग मुंबईत २००५ साली भारत स्टेज तीन, २०१० साली चार आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर सहा. डिझेलमधले गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले. पंपावरचा तो स्क्रू गेला. आता किती तेल सोडायचे हे संगणक ठरवतो, दर फेरीला, हवा मोजून. २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आले.

मिस्त्रींचा मुलगा, माझा विद्यार्थी, याच धंद्यात आहे. तो लॅपटॉप जोडून इंजिन तपासतो. मी त्याला विचारले, वडील जे ठरवायचे ते आता तू ठरवतोस का? तो हसला आणि म्हणाला, ‘‘नाही सर, ते कंपनी ठरवते. मी फक्त काय बिघडलंय ते वाचतो.’’ पुढे तो म्हणाला की संगणकातला हिशेब बदलून ताकद वाढवून मागणारे आजही येतात. स्क्रू गेला, मागणी गेली नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर निर्णय मिस्त्रीच्या हातून गेला हे बरेच झाले. शंभरातले पाच मिस्त्री सील राखणारे होते, आणि बाकीच्यांच्या विवेकावर एका शहराची हवा सोडता येत नाही. पण त्या पाचांची नोंद कुठेच नाही. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना निदान एखाद्या ओळीत तरी सापडतो. त्या गाड्या ज्यांनी पुढची तीस वर्षे चालत्या ठेवल्या, आणि पाव फेरा जास्त फिरवायला नकार दिला, त्यांची ओळ कोणी लिहिलेली नाही. म्हणून ही मी लिहिली.